एकशे वीस वाक्यं, सासऱ्यांच्या आवाजात

१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी १०.

सासऱ्यांचं ऑपरेशन २४ तारखेला ठरलं. घशात गाठ आहे, स्वरयंत्रच काढून टाकणार. जीव वाचेल, आवाज जाईल. कायमचा.

हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी एकशे वीस वाक्यांची यादी दिली आहे. सासऱ्यांनी ती आत्ताच, आवाज आहे तोवर, स्पष्ट वाचून रेकॉर्ड करायची. एका छोट्या यंत्रात ते रेकॉर्डिंग भरलं की यंत्र आवाज शिकतं. मग ऑपरेशननंतर सासरे काहीही टाइप करोत, यंत्र त्यांच्याच आवाजात बोलणार. अट एकच, एकशे वीसच्या एकशे वीस वाक्यं स्वच्छ हवीत.

बाई म्हणाल्या, मंगळवारी माझ्या खोलीत या, दीड तासात उरकून टाकू. मी नम्रपणे नकार दिला. त्यांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर मी पाहिला होता. त्याच्यावर कोणती सिस्टिम चालते ते इथे लिहून वहीचं पान खराब करत नाही. घरात अकरा वर्षं लिनक्स वापरणारा जावई असताना सासऱ्यांचा आवाज असल्या मशीनच्या हवाली करायचा?

सासरे एकतीस वर्षं बसस्थानकात घोषणा देत होते. अख्ख्या गावाला आवाज पाठ. रेकॉर्डिंग मात्र एकही नाही, कारण सगळं थेट माइकवरून. म्हणजे जबाबदारी ऐतिहासिक आहे आणि योग्य माणसाकडे आली आहे.

दुपारी ४.

मागच्या खोलीत स्टुडिओ तयार. खिडकीला गादी लावली. माइक जोडला, लगेच चालला. ड्रायव्हरसाठी सीडी शोधत बसणाऱ्या लोकांची कीव येते. स्पीकरांच्या आयुष्यभराच्या शेजारामुळे सासऱ्यांना ऐकू कमी येतं, म्हणून आउटपुटची, म्हणजे स्पीकरच्या आवाजाची पट्टी शंभरच्या पुढे दीडशे टक्क्यांवर नेऊन ठेवली. शंभराच्या पुढे जायची मुभा आपल्याकडे आहे. यालाच स्वातंत्र्य म्हणतात.

२ फेब्रुवारी, रविवार.

सासरे नऊला म्हणजे नऊला हजर. इस्त्रीचा शर्ट. खुर्ची नको म्हणाले, घोषणा उभ्यानेच द्यायची असते. दोन बैठकांत सगळी वाक्यं वाचली. एकही चुकलं नाही. शेवटी यादीच्या खाली पेन्सिलीनं स्वतःचं एक वाक्य लिहून तेही वाचलं: चिमे, जेवलीस का? चिमी म्हणजे माझी बायको. मी म्हटलं, यादीबाहेरचं घेतलं की फाइलींचे नंबर बिघडतात. मी मोठ्या मनाने राहू दिलं.

मग सगळ्यांना बसवून वाजवलं.

आवाज फाटतोय! प्रत्येक शब्दाच्या टोकाला खरखर, पत्र्यावर खडे ओतल्यासारखी. सासऱ्यांनी विचारलं, माझा आवाज एवढा बिघडलाय का? मी धीर दिला. म्हटलं, थोडा तुमचा दोष, थोडा साउंड सर्व्हरचा.

बायको म्हणाली की तिच्या फोनवर घेऊन टाकू. फोन! मी तिला कॉम्प्रेशन म्हणजे काय ते वीस मिनिटं समजावलं. सासऱ्यांनी माझी बाजू घेतली. म्हणाले, जावईबापूंनी हाती घेतलंय ना, करू देत. माणसाची पारख आहे त्यांना.

फाटक्या फाइली डिलीट केल्या. घरात कचरा साठवायची मला सवय नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार.

संकल्प: रविवारपर्यंत दोष सापडलाच पाहिजे.

आज सॅम्पल रेट बदलला. फाटतोय. परत पहिला केला. फाटतोय, पण वेगळ्या प्रकारे. ही प्रगती आहे.

ऑफिसात लक्ष लागत नाही. मी लिफ्ट-दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसतो. लिफ्ट बंद म्हणून फोन आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, मेन स्विच चालू आहे का? लोकांना इतका राग येतो की विचारू नका. पण दहातल्या सहा वेळा स्विचच बंद असतो. माणसं साधी गोष्ट तपासत नाहीत आणि वर आवाज चढवतात. यांचं कसं होणार कोण जाणे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.

लिनक्सच्या फोरमवर सविस्तर पोस्ट टाकली. आठ परिच्छेद, सगळे लॉग जोडले. पाऊण तासात एकाचं उत्तर आलं. त्यानं फक्त दोन ओळी लिहिल्या. एक, तीच फाइल दुसऱ्या मशीनवर वाजवून पाहिलीत का? दोन, आउटपुट शंभर टक्क्यांच्या वर तर नाही ना?

डोक्यात तिडीक गेली. अकरा वर्षं! मी कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, स्वतः कंपाइल केलेला माणूस आहे (एकदा, बूट झालं नाही, पण कंपाइल झालं होतं). त्याला सणसणीत उत्तर लिहिलं. नवशिक्यांसाठीचे प्रश्न नवशिक्यांना विचारावेत, असं शेवटचं वाक्य. वाचून स्वतःलाच बरं वाटलं.

संध्याकाळी मॉडरेटरनं माझा धागा बंद केला. हेवा वाईट.

९ फेब्रुवारी, रविवार.

दुसरा प्रयत्न. बफर दुप्पट केला होता, खात्री होती. सासरे पुन्हा नऊला, पुन्हा इस्त्री. सत्तराव्या वाक्यानंतर आवाज बसायला लागला, मध्येच खोकले. खोकला आला की वाक्य पुन्हा. मी तीन वेळा सांगितलं की खोकला वाक्याच्या शेवटी घ्या, मध्ये कापता येत नाही. त्यांनी प्रयत्न केला असं म्हणेन.

वाजवलं. फाटतोय.

मला वाटतं दोष त्यांच्या घशातच असावा. तसं बोललो. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी बफरबद्दल बोलायला लागलो. सासरे म्हणाले, माइकपासून वीतभर मागे उभा राहू का? एकतीस वर्षांत असं कधी झालं नाही म्हणाले. मी म्हटलं, तेव्हाची उपकरणं साधी होती.

डिलीट.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

स्पीच थेरपिस्ट बाईंचा फोन. रेकॉर्डिंग झालं का? म्हटलं, ऐंशी टक्के. त्या म्हणाल्या, एखादी फाइल नमुना म्हणून पाठवा, मी बघते. मी अर्धवट काम कुणाला दाखवत नाही. मग हळूच म्हणाल्या की गाठ वाढतेय, रोज बोलणं कमी होत जाईल, उगाच जास्त बोलायला लावू नका. काल त्यांनी बायकोलाही फोन केला होता म्हणे. माझ्या पाठीमागे कारस्थानं चालली आहेत.

बायकोनं आज पुन्हा फोनचा विषय काढला. मी म्हटलं, ठीक आहे, घे फोनवर, आणि उरलेलं आयुष्य वडिलांना डब्यात बसून बोलल्यासारखं ऐक. ती गप्प झाली. युक्तिवाद मुद्देसूद असला की माणूस गप्प होतोच.

१६ फेब्रुवारी, रविवार.

तिसरा प्रयत्न. नवी केबल, माइकवर स्पंजची टोपी, कॉम्प्युटरचा पंखा बंद. (त्यामुळे मशीन तापून दोनदा बंद पडलं. त्यात नऊ वाक्यं गेली.)

सासऱ्यांचा आवाज आता खोल गेलाय. एकेका वाक्याला घोटभर पाणी. नव्वद वाक्यं झाल्यावर हातानं थांबा म्हणाले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. तरी खुर्ची घेतली नाही. मी उरलेली तीस पुढच्या वेळी घेऊ म्हटलं. बायकोनं विचारलं, पुढची वेळ म्हणजे कधी? सगळी चर्चा तारखांवर आणून ठेवायची तिची जुनी खोड आहे.

वाजवलं. फाटतोय.

सासरे ऐकत उभे होते. म्हणाले, गावानं एकतीस वर्षं हे ऐकलं का? आणि हसले. पहिल्यांदाच मला जरा कसंतरी झालं. पण तांत्रिक कामात भावनांना थारा दिला की चुका होतात. डिलीट.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

दोष सापडला! कर्नेल. नव्या आवृत्तीत काहीतरी मोडलंय, मला पहिल्यापासून वास येत होता. उपाय एकच: सगळं पुसून नव्यानं इन्स्टॉल. ही माणसं पट्ट्या आणि टक्के मोजत बसली होती.

संकल्प: गुरुवारी फॉरमॅट, शनिवारी अंतिम रेकॉर्डिंग, रविवारी हॉस्पिटलात भरती. वेळापत्रक चोख. दोन दिवस शिल्लक ठेवून काम करणारा जावई किती जणांच्या नशिबी असतो?

२० फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ७.

डिस्क फॉरमॅट केली. डिलीट केलेल्या फाइली परत आणता येतात असं बायको कुठेतरी वाचून आली होती. म्हणाली, पुसू नकोस, कुणाला तरी दाखवू. मी म्हटलं, फाटकं परत आणून शिवणार आहेस का? आणि बटण दाबलं.

नवं लिनक्स. नवी सेटिंग्ज. एक गाणं लावलं. स्वच्छ! काचेसारखं! कुठेही खरखर नाही. आनंदाने ओरडलो. फोरमवर नवा धागा काढला: प्रश्न सुटला, दोष कर्नेलचा. कुणी अभिनंदन केलं नाही. अपेक्षाही नव्हती.

२२ फेब्रुवारी, शनिवार. रात्री ८.

जे घडलं ते क्रमाने लिहितो, म्हणजे उद्या कुणी माझ्यावर बोट ठेवायला नको.

सकाळी नऊला सासरे तयार. आवाज कुजबुजीच्या जरा वर, पण होता. मी म्हटलं, पाच मिनिटं थांबा, आधी माइकची लेव्हल लावून घेतो. लेव्हल नीट लावायची तर पूर्ण यादी वाचून पाहिली पाहिजे, कारण प्रत्येक वाक्याची उंची वेगळी असते. हे शास्त्र आहे. मी एकशे वीसच्या एकशे वीस वाक्यं स्वतः वाचली. प्रत्येक तीनदा ऐकून पाहिलं. पेन्सिलीनं लिहिलेलंही वाचलं, थोडी माया आणून. सासरे यावेळी खुर्चीवर बसून होते. बायको दोनदा आत आली. दोनदा मी हातानं थांब म्हटलं.

एकशे वीस फाइली, एकेक निर्दोष. सव्वाअकराला मी खुर्चीवरून उठलो आणि म्हटलं, या.

सासरे माइकसमोर उभे राहिले. शर्टाची कॉलर सारखी केली. तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन. सोमवारची ऑपरेशनं रद्द झाली आहेत, पण एक बेड आजच रिकामा झाला आहे, डॉक्टर उद्या सकाळीच ऑपरेशन घेतात म्हणतात, साडेबारापर्यंत या, नाहीतर नंबर पुढच्याला जाईल आणि मग तीन आठवडे थांबावं लागेल. तीन आठवडे थांबण्यासारखी गाठ नाही.

मी म्हटलं, मला फक्त दीड तास द्या. बायकोनं माइकची वायर सॉकेटातून ओढली आणि बॅग उचलली.

टॅक्सीत तिनं वडिलांच्या तोंडासमोर फोन धरला आणि सांगितलं, बाबा, बोला, काहीही बोला. बाहेर हॉर्न, शेजारी ट्रक. ते बोलत होते, पण काय ते कळत नव्हतं. वॉर्डात पुन्हा धरला, तर सिस्टर म्हणाली की आता पेशंटनं अजिबात बोलायचं नाही.

दोष वेळापत्रकाचा. हॉस्पिटलनं तारीख पाळली असती तर आज हे काम झालं असतं.

२३ फेब्रुवारी, रविवार.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उत्तम झालं. सगळं निघालं.

२६ फेब्रुवारी, बुधवार.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बायकोनं तिच्या ऑफिसचा लॅपटॉप उघडला. मला म्हणाली, इयरफोन घाल. २ तारखेला, पहिल्या प्रयत्नाच्या दिवशी, मी चहाला गेलो असताना तिनं पहिली फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती. न विचारता. नंतर पर्समध्ये विसरली. आज सापडली.

वाजवली. आधी घसा साफ केल्याचा आवाज. मग सासऱ्यांनी मला विचारलेलं, सुरू करू का? मग पहिलं वाक्य: मी ठीक आहे, काळजी करू नका.

खरखर नाही. काही नाही. फाटलेलं एक अक्षर नाही. ते समोर उभे असावेत असं वाटलं.

मी पुन्हा वाजवली. मग मला आठवलं की नव्या सिस्टिमवर मी आउटपुटची पट्टी शंभराच्या पुढे नेलीच नव्हती. राहून गेलं होतं ते. म्हणजे जुन्या सिस्टिमवर दीडशेला स्पीकर फाटत होते आणि फाइली आत धडधाकट होत्या. सगळ्या. तिन्ही वेळच्या.

मी बायकोला हे समजावून सांगायला गेलो. तांत्रिकदृष्ट्या फार रोचक आहे हे, असंही बोललो बहुतेक. तिनं एकच विचारलं, बाकीच्या फाइली कुठे आहेत? म्हटलं, एक वाक्य तरी वाचलं ना. तिनं इयरफोन माझ्या कानातून काढले, गुंडाळून पर्समध्ये ठेवले आणि आत निघून गेली.

१ मार्च, शनिवार.

बायको बोलत नाही. तीन दिवस झाले. भाजीत मीठ कमी आहे हेही मला भिंतीला सांगावं लागतं.

मला वाईट वाटतं. हे इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही. पण वाईट वाटून घेऊन काय निष्पन्न होतं? मार्ग शोधला पाहिजे. एका वाक्यावरून यंत्र आवाज शिकत नाही. आवाज भरला नाही तर यंत्रातला तयार आवाज वापरावा लागतो. मी तो ऐकला. पंचविशीतला कुणीतरी पोरगा, सुपारी चघळल्यासारखा बोलतो. सासऱ्यांच्या तोंडी तो आवाज? परक्याचा?

आणि मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. पूर्ण यादी, एकशे वीस वाक्यं, निर्दोष ध्वनी. आपल्याकडे आहे की! घरातल्याच माणसाची.

३ मार्च, सोमवार.

पेनड्राइव्हवर सासऱ्यांचा पेशंट नंबर लिहून हॉस्पिटलात दिला. थेरपिस्ट बाई रजेवर आहेत. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, पेशंटचं रेकॉर्डिंग ना? म्हटलं, पेशंटसाठीचं. तिनं वाक्य नीट ऐकलं नसावं, पण तो तिचा प्रश्न. एक फाइल वाजवून पाहिली आणि म्हणाली, इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग पहिल्यांदाच आलंय. महिन्याभरात मिळालेली पहिली दाद.

घरी कुणाला सांगितलेलं नाही. सरप्राइज.

१० मार्च, सोमवार.

सासऱ्यांना डिस्चार्ज. आमच्याकडेच राहणार. गळ्याला भोक आहे, त्यावर पातळ फडका बांधतात, श्वास तिथूनच. पाटी-पेन्सिल दिली आहे. अक्षर टपोरं. मला लिहून विचारलं, तुमचं मशीन आता नीट चालतं ना? चौकशी करणारा या घरात हा एकच माणूस उरला आहे. म्हटलं, एकदम. त्यांनी मान डोलावली.

१५ मार्च, शनिवार.

संकल्प: बायको बोलेपर्यंत रोज सकाळी मी चहा करणार.

१७ मार्च, सोमवार.

चहाचा संकल्प स्थगित. ती कप तसाच मोरीत ओतते.

२२ मार्च, शनिवार.

यंत्र आलं! हातात मावेल एवढं, पडदा मोठा. मीच चार्जिंगला लावलं. बायकोला सांगितलं, म्हणजे तिच्या दिशेनं हवेत सांगितलं, की उद्यापासून बाबा बोलायला लागतील. ती थबकली. डोळे भरून आले तिचे. तिला बहुतेक वाटलं असावं की काहीतरी जादू झाली आणि फाइली परत आल्या. मी तसं काही म्हटलेलं नाही. पण तो चेहरा मोडवेना. एवढ्या दिवसांनी माझ्याकडे बघून असा चेहरा झाला होता.

उद्या ऐकल्यावर सगळं विसरेल. आवाजाचा दर्जाच असा आहे.

२३ मार्च, रविवार. सकाळी ९.

सासरे बाहेरच्या खोलीत, यंत्र मांडीवर. मी मुद्दाम आतल्या खोलीत थांबलो, क्षण त्यांचा असावा म्हणून. बायको ओट्याशी, पाठमोरी. त्यांनी सुरुवात केल्याचं तिला ठाऊक नव्हतं.

बटणांचा टकटक आवाज. मग माझा आवाज, खणखणीत: जरा पाणी देतेस का?

आणि बायको बोलली. पंचवीस दिवसांनी. मान न वळवता म्हणाली, हात मोडलेत का, उठून घे. तुझा आवाज ऐकला की मला शिसारी येते. माझ्या बापाचा आवाज खाल्लास तू, आता तू तोंड उघडलं नाहीस तरी चालेल या घरात, कायमचं.

मला इतका आनंद झाला! शिव्या असेनात का, बोलली तर खरी. मी दार लोटून धावत बाहेर आलो.

सासरे उठून उभे होते. एक हात गळ्याच्या फडक्यावर, दुसऱ्यात यंत्र. तिनं सांगितलं म्हणून निमूट पाण्याकडे निघाले होते. बायको वळली. आधी दारात मी दिसलो, तोंड बंद. मग ते दिसले.

सकाळी ११.

बायको त्यांच्या पायाशी बसून आहे. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून आहेत. तिला समजवायचं तर टाइप करावं लागेल, आणि टाइप केलं की मी बोलणार. म्हणून ते काही टाइप करत नाहीत.

मघाशी त्यांनी पाटी माझ्यापुढे धरली. यातला आवाज काढून टाकता येतो का, असं लिहिलं होतं. मी म्हटलं, येतो.

एक मिनिट लागलं. पहिल्याच प्रयत्नात जमलं.